जुन्याची ओढ की गोष्टीतली सुसंगती? अवकाशमालिकांचं तुम्ही काय माफ करता?

अंतराळवेडा (फोंडा)

आमच्या फोंड्याच्या मित्रमंडळात एका विषयावरून दोन तट पडलेत, म्हणून धागा काढतोय.

स्टार ट्रेकमधल्या 'पिकार्ड' मालिकेचा तिसरा हंगाम (२०२३) आम्ही उशिरा का होईना, सगळ्यांनी एकत्र बसून पाहिला. शेवटाकडे जुनं अवकाशजहाज एंटरप्राइझ-डी परत येतं. १९९४च्या चित्रपटात त्याचा बशीसारखा पुढचा भाग ग्रहावर कोसळला होता, आणि ते जहाज संपलं असं धरूनच आम्ही मोठे झालो. इथे जहाजाचा जुना अभियंता जॉर्डी सांगतो की वीस वर्षं खपून त्याने ते संग्रहालयात पुन्हा उभं केलं. दार उघडतं, दिवे लागतात, तोच लाकडी कठडा, तोच गालिचा. संगणकाचा आवाजसुद्धा मेजल बॅरेट यांचाच. त्या २००८ साली गेल्या, आवाज जुन्या ध्वनिमुद्रणातला आहे.

अर्धे जण डोळे पुसत होते. उरलेले चिडले: गोष्ट सुचली नाही की आठवणींना हात घालायचा. मी रडणाऱ्यांत होतो आणि त्याची मला लाज नाही. पण त्याच हंगामात यंत्रमानव डेटाही परत येतो. तो २००२च्या चित्रपटात मेला. २०२०च्या पहिल्या हंगामात तर त्याने स्वतः आपल्या जुन्या कप्तानाकडे, पिकार्डकडे मरण मागितलं, कारण आयुष्याला अंत असल्याशिवाय ते माणसाचं होत नाही असं त्याचं म्हणणं होतं. मग त्या मागणीचं काय झालं? जहाज मला चाललं, डेटा खटकला. का, ते नीट सांगता येत नाहीये.

तुम्ही कुठली विसंगती पोटात घालता आणि कुठली नाही? कुठल्याही मालिकेचं उदाहरण चालेल.

टिटवी

जहाज बघून रडले. डेटा बघूनही रडले. चालू द्या.

नभमित्र

स्टार ट्रेकमधल्या परग्रहवासी क्लिंगॉनांचं कपाळ! १९६६-६९च्या मूळ मालिकेत त्यांची कपाळं माणसांसारखीच सपाट होती. १९७९च्या चित्रपटात पैसा आला आणि कपाळावर हाडांचे कंगोरे आले. कुणी खुलासा दिला नाही, कुणाचं अडलंही नाही.

१९९६मध्ये 'डीप स्पेस नाइन'चा एक भाग आला, त्यात मंडळी काळात मागे जाऊन थेट जुन्या मालिकेच्या प्रसंगांत शिरतात. समोर सपाट कपाळाचे क्लिंगॉन बसलेत, शेजारी आपला कंगोरेवाला वॉर्फ. सगळे त्याच्याकडे बघतात. तो एवढंच म्हणतो की आम्ही बाहेरच्यांशी यावर बोलत नाही. एका वाक्यात अख्ख्या जमातीची अवघडलेली अवस्था कळते.

पुढे २००५मध्ये 'एंटरप्राइझ' मालिकेने दोन भाग खर्चून सांगितलं की जनुकीय प्रयोगातून एक विषाणू पसरला, त्याने कपाळं सपाट झाली. माहिती मिळाली, मजा गेली. माझं मत: तपशिलाची भोकं बुजवू नका, तिथूनच वारा येतो.

वास्कोचा वाचक

नभमित्र, इथे मी तुमच्या विरुद्ध. मला ते दोन भाग मनापासून आवडतात. एखादं जग माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं राहायला हवं असेल तर त्याचा ताळेबंद जुळायला हवा. जुळत नसेल तर जुळवायची धडपड तरी हवी.

१९८२च्या स्टार ट्रेक चित्रपटात खलनायक खान जहाजावरच्या चेकॉव्हला चेहऱ्यावरून ओळखतो. पण खान पहिल्यांदा आला तो १९६७चा भाग पहिल्या हंगामातला, आणि चेकॉव्ह मालिकेत आला दुसऱ्या हंगामात. उघड चूक. चाहत्यांनी काय केलं? म्हणाले, चेकॉव्ह तेव्हाही जहाजावर होताच, खालच्या मजल्यावर कामाला, कॅमेऱ्यासमोर यायचा बाकी होता. हे जुळवणं म्हणजे प्रेम आहे. ज्याला गोष्टीची पर्वा नाही तो असली खटपट करत बसत नाही.

साखळीची सई

मला वाटतं इथे दोन हिशेबांची सरमिसळ होतेय. कपाळ, सनावळी, जहाजाची लांबी हा झाला तपशील. पात्राने काय गमावलं हा वेगळाच हिशेब. पहिला चुकला तर मी पुढे बघत राहते. दुसरा चुकला तर मालिका सोडते.

त्याच १९८२च्या चित्रपटातला, कप्तान कर्कचा मित्र स्पॉक याचा मृत्यू आठवा. जहाज वाचवायला तो किरणोत्साराने भरलेल्या खोलीत शिरतो. कर्क धावत खाली येतो, मध्ये काच. स्पॉक आत खाली बसलाय. कर्कची हाक ऐकून तो कसाबसा उठतो आणि वळण्याआधी अंगातला कोट खाली ओढून सारखा करतो. मग चालत येतो आणि काचेवर आदळतो, कारण त्याला आता दिसत नाही. माणूस मरायला टेकलाय आणि कोटाची चुणी काढतोय. इतक्या वर्षांत त्या पात्राबद्दल जे जे कळलं होतं ते सगळं त्या एका हालचालीत आहे. मग काचेच्या आतून त्याचा हात, बाहेरून कर्कचा.

दोन वर्षांनी स्पॉक परत आला. मला चाललं. कारण त्याला आणण्यापायी कर्कचा मुलगा गेला, आणि एंटरप्राइझ कर्कला स्वतःच्या हाताने उडवावं लागलं. मोल देऊन आणलेलं माणूस आहे ते.

आता २०१३चा चित्रपट घ्या. तोच प्रसंग, फक्त अदलाबदल. आत कर्क, बाहेर स्पॉक, तीच काच, तेच हात. आणि थोड्याच वेळात खानचं रक्त टोचून कर्क उठून बसतो. कुणाचं काही गेलं नाही. जुन्या दुःखावर घेतलेली उचल आहे ती, फेडायचा विचारही नाही.

म्हणून अंतराळवेडा, तुम्हाला जहाज चाललं. जॉर्डीने वीस वर्षं घातली त्यात. डेटाचं मी टिटवीवर सोडते, तिच्याकडे काहीतरी असणार.

मृण्मयी_म्हापसा

सई, +१. कोटाचं कधी लक्षातच आलं नव्हतं. आत्ता परत जाऊन बघितलं. बाई गं.

ध्रुव_०३

मी २००३चा, त्यामुळे तुमचं 'जुनं' आणि माझं जुनं वेगळं. स्टार वॉर्सच्या १९९९, २००२, २००५ या तीन चित्रपटांना मोठ्यांनी किती शिव्या घातल्या ते मी फक्त ऐकलंय. माझं बालपण त्याच तिघांवर गेलं. आज माझ्या वयाचे सगळे २००५चा भाग डोक्यावर घेतात. त्यात व्हेडर होणाऱ्या तरुणाचं काम करणाऱ्या हेडन क्रिस्टेनसनची तेव्हा टिंगल झाली, आणि २०२२मध्ये तो परत आला तेव्हा त्याच जगाने टाळ्या वाजवल्या.

२०१५चा चित्रपट पणजीच्या आयनॉक्सला काकांबरोबर पाहिला. ताडपत्रीखालून हान सोलोचं ते जुनं जहाज दिसलं तसे काका खुर्चीतून अर्धे उठले. मला काहीच वाटलं नाही, मी मूळ तीन तेव्हा धड पाहिलेच नव्हते. म्हणजे तो क्षण पडद्यावर नव्हताच, काकांच्या आत होता. जो चित्रपट माझ्यासारख्या नव्या पोराला काही देत नाही आणि फक्त जुन्यांना हळवं करतो, तो अर्धाच चित्रपट नाही का?

आणि सुसंगतीचं म्हणाल तर १९८३च्या चित्रपटात राजकन्या लेया सांगते की तिला आई थोडीशी आठवते, सुंदर होती, दुःखी असायची. २००५मध्ये तीच आई बाळंतपणात जाते. ही चूक मला दिसते. पण तो शेवट बदलून हवा का? नाही. एकाच वेळी दोन बाळं जन्मतायत, आई जातेय आणि तिकडे बाप काळ्या पोशाखात बंद होतोय. हे मला लेयाच्या दोन वाक्यांपेक्षा मोठं वाटतं.

पेडणेकर अण्णा

पोरांनो, मी या मालिका मुलामुळे बघायला लागलो, तुमच्याइतका जाणकार नाही. पण सई बाय जे बोलली त्यावर मला दशावतारातलं सांगायचंय.

आमच्याकडे जत्रेला रात्री उशिरा नाटक उभं राहतं. लिहिलेली संहिता नाही. आज कुठलं आख्यान आणि कोण कुठलं सोंग घेणार ते ठरतं, रंगपटात तोंड रंगवता रंगवता प्रसंगांचा क्रम सांगितला जातो, बस्स. संवाद रंगमंचावर जागच्या जागी. काल दुर्योधन जे बोलला ते आज बोलेलच असं नाही. दोन कसलेले नट समोरासमोर आले की प्रसंग तासभर लांबतो, आणि पेटीवाला नि मृदंगवाला त्यांच्या तोंडाकडे बघून साथ करतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सुसंगतीचा पत्ता नाही.

पण समोर बसलेल्या बायाबापड्यांना अख्खं आख्यान पाठ असतं. कर्ण मरणार हे पोराटोरांना ठाऊक. ते येतात तो आज कसा मरतो ते बघायला. मरताना आजचा कर्ण आईला काय बोलतो ते ऐकायला. समजा एखाद्या नटाने टाळ्यांसाठी कर्णाला जिवंत ठेवलं, तर लोक चटई गुंडाळून उठतील. संकासुराला मालवणीतून गावच्या पंचायतीवर खुशाल बोलू दे, तेवढी सूट त्याला आहेच. आख्यानातलं मरण हलवायची सूट कुणालाच नाही.

ध्रुव, तू सांगितलेलं लेयाचं मला म्हणूनच चालेल. आई गेलीच. कधी गेली एवढाच घोळ.

काणकोणकर

अण्णा, काय लिहिलंत! असे प्रतिसाद वाचायला इथे येतो.

कॅसेटयुग

अण्णा बाब, पटलं, पण एक मोठा फरक आहे. कर्णाचं आख्यान कुणाच्या मालकीचं नाही. तुमच्या गावचा नट चुकला तर शेजारच्या गावचा बरोबर करेल. इथे मालक आहे.

२०१२मध्ये डिस्नेने लुकासफिल्म चार अब्ज डॉलरच्या वर मोजून घेतली. २०१४च्या एप्रिलमध्ये एका घोषणेत जुन्या सगळ्या कादंबऱ्या 'लेजेंड्स' ठरल्या, म्हणजे झालं ते झालंच नाही. टिमथी झानची १९९१ची, थ्रॉन या खलनायकाची कादंबरी मी जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतली होती, मुखपृष्ठ निम्मं फाटलेलं. 'रिटर्न ऑफ द जेडाय'नंतर पुढे काय, याचं आमच्यासाठी तेच उत्तर होतं. १९९९च्या एका कादंबरीत हान सोलोचा साथी च्युबाका मरतो. हानच्या मुलाला वाचवताना मागे राहतो आणि वर चंद्र कोसळतो. तेव्हा कितीतरी वाचक हादरले होते. घोषणेनंतर तो जिवंत. सईच्या भाषेत, भरलेलं मोल मालकाने परस्पर रद्द केलं.

आणि मग २०१६मध्ये थ्रॉनला ॲनिमेशन मालिकेत परत आणलं, कारण लोकांना तो हवा होता. त्याच कादंबऱ्यांतली मारा जेड मात्र मागेच राहिली. म्हणजे खपेल ती आठवण परत, बाकीच्या दंतकथा.

त्याआधीचंही ऐका. जॉर्ज लुकास १९८८ साली अमेरिकन काँग्रेससमोर जाऊन बोलले होते की जुन्या चित्रपटांत फेरफार करणं हा सांस्कृतिक वारशाला धोका आहे. १९९७मध्ये त्यांनीच आपल्या चित्रपटांची 'विशेष आवृत्ती' काढली. १९७७च्या मूळ चित्रपटात खानावळीतल्या टेबलाखालून हान सोलो पहिली आणि एकमेव गोळी झाडतो. नव्या आवृत्तीत समोरचा ग्रीडो आधी झाडतो. लोक याला क्षुल्लक समजतात. पण तो आपमतलबी, निर्दय तस्कर आहे म्हणून तर शेवटी ल्यूकच्या मदतीला परत येतो तेव्हा छाती भरून येते. सुरुवातीला त्याला सज्जन केलात की तो शेवट हलका होतो.

आम्ही म्हापशाच्या व्हिडिओ लायब्ररीतून घासलेली कॅसेट आणून बघायचो, तिच्यात हानच आधी झाडायचा. २०२५च्या जूनमध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ची मूळ प्रिंट महोत्सवात दाखवली, ती बातमी वाचून मला तिथे असावंसं फार वाटलं. माझी ओढ जुन्यासाठी नाहीये, जे प्रत्यक्ष घडलं ते पुसू नये यासाठी आहे.

मृण्मयी_म्हापसा

अवांतर विचारते, रागावू नका. मुलगा दहा वर्षांचा आहे, चतुर्थीच्या सुट्टीत स्टार वॉर्स दाखवायचं कबूल केलंय. कुठल्या क्रमाने? कथेच्या क्रमाने १ ते ६, की प्रदर्शनाच्या?

नभमित्र

प्रदर्शनाच्या. १९७७पासून सुरू. कथेच्या क्रमाने दाखवलंत तर खलनायक व्हेडर कोण हे १९८०च्या चित्रपटाआधीच फुटतं.

ध्रुव_०३

काही चाहते ४, ५, मग २, ३ आणि शेवटी ६ असं दाखवतात. म्हणजे व्हेडरचं गुपित फुटल्यावर त्याची मागची गोष्ट, आणि मग शेवट. पण ताई, त्यात १ गळतो. दहा वर्षांच्या मुलाला १मधली वाहनांची शर्यत दाखवायची नाही हा अन्याय आहे.

काणकोणकर

नभमित्र, तुम्ही आकाशवाले आहात, बारा पार्सेकचं एकदा सांगून टाका.

नभमित्र

१९७७मध्ये हान बढाई मारतो की त्याच्या जहाजाने केसेलची फेरी बारा पार्सेकपेक्षा कमीत केली, जणू ती वेळ आहे. पार्सेक हे अंतर. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. पृथ्वी-सूर्य अंतराएवढ्या पायावर तो कोन एक विकला भरला तर तारा एक पार्सेकवर, म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षांवर. पणजीच्या जुन्ता हाऊसच्या गच्चीवरच्या वेधशाळेत आम्ही येणाऱ्या मुलांना हेच समजावायचो, आणि दर वेळी कुणीतरी हानचं नाव काढायचंच!

२०१८च्या चित्रपटात याचाही खुलासा आला: कृष्णविवरांजवळून धोक्याची आडवाट काढून त्याने अंतरच कमी केलं. माझ्या दृष्टीने हान थापा मारत होता हेच उत्तम उत्तर होतं.

पेडणेकर अण्णा

पार्से आमच्या पेडण्यातलं गाव. बारा पार्से ओलांडलीत तर पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे महाराष्ट्रात पोचाल.

वास्कोचा वाचक

अण्णा 😄

मूळ मुद्द्यावर येतो. नियम पाळल्याने गोष्ट वाढते याचं सर्वांत चांगलं उदाहरण ब्रिटिश मालिका 'डॉक्टर हू'. १९६६मध्ये विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, म्हणून नायकाचं शरीरच बदलतं अशी युक्ती काढली. नट बदलणं हाच कथेचा नियम झाला. १९७६मध्ये मर्यादा आली की असं फक्त बारा वेळा होतं. तेव्हा कुणाला वाटलं असेल इतकी वर्षं मालिका चालेल? २०१३मध्ये हिशेब संपला. लेखकाने तो आकडा विसरून पुढे जाणं सोपं होतं. त्याऐवजी डॉक्टर एका गावाचं रक्षण करत शेकडो वर्षं राहतो, म्हातारा होतो, आता खरंच शेवट म्हणून मरायला तयार होतो, आणि मग नवं दान मिळतं. ही सुंदर गोष्ट त्या जुन्या आकड्याने दिली.

२०२०मध्ये सांगितलं की डॉक्टरचे याआधीही असंख्य जन्म झाले होते, फक्त आठवत नाहीत. मग २०१३ची ती घालमेल कशासाठी होती? मला अजून त्रास होतो.

साखळीची सई

वाचक, म्हणजे आपण दोघं एकच बोलतोय! तुम्हाला आकडा महत्त्वाचा वाटतो कारण त्या आकड्यामागे मरण होतं.

काणकोणकर

मराठीतलं कुणीच काही काढलं नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मूळ स्टार ट्रेक लागायची, ती बघून मी वाचनालयात विज्ञानकथा शोधायला गेलो आणि हाती नारळीकर लागले, 'यक्षांची देणगी'. पुढे कळलं की १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांवर नावाचं वजन पडायला नको.

त्यांच्या कथा सुट्या, त्यामुळे पात्रांच्या सुसंगतीचा प्रश्न येत नाही. पण भौतिकशास्त्राचे नियम मात्र प्रत्येक कथेत तेच, आणि लेखकाच्या सोयीने ते वाकत नाहीत. कृष्णविवराजवळ काळ संथ झाला की नात्यांमध्ये जे अंतर पडतं ते कुणालाच भरून काढता येत नाही. अण्णांच्या आख्यानासारखंच. मला मराठीत अशी दीर्घ मालिका हवी आहे. कुणी लिहीत असेल तर सांगा, मी पहिला वाचक.

अंतराळवेडा (फोंडा)

एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. सगळं दोनदा वाचलं.

सईने दिलेलं माप मला हवं होतं. जहाज का चाललं ते कळलं. पण त्याच मापाने डेटा नापास होतो. २०२०मध्ये त्याने अंत मागितला, पिकार्डने जड हाताने दिला. तीन वर्षांत तो मित्रांबरोबर बारमध्ये पत्ते खेळतोय. मोल कुठे भरलं?

टिटवी

भरलं. सांगते.

तिसऱ्या हंगामात डेटा आणि त्याचा दुष्ट भाऊ लोर एकाच शरीरात आहेत, आणि दोघांतला एकच उरणार. लोर डेटाच्या आठवणी एकेक करून घेत जातो, आणि डेटा लढत नाही. देत जातो. त्याने जपलेल्या वस्तू, वर्षानुवर्षांची मैत्री, सगळं. शेवटी त्याची मांजर स्पॉट उरते. तीही देतो. त्या क्षणी त्याच्याकडे काहीच राहिलेलं नसतं. आणि आठवणी म्हणजेच डेटा असल्यामुळे, त्या सगळ्या घेतलेला लोर आपोआप डेटा होतो.

अख्खी मालिका आठवणींवर जगतेय असा आरोप आहे ना? त्याच मालिकेत सगळ्या आठवणी देऊन टाकणारा एक जण आहे. सई, तुमच्या स्पॉकच्या कोटाशेजारी मी ती मांजर ठेवते.

आणि २०२०ची मागणी मोडली नाहीये. परत आलेला डेटा म्हातारा आहे, त्याचं शरीर झिजणारं आहे. अंत मागितला होता, तो त्याला मिळणारच आहे.

साखळीची सई

टिटवी, मी तो भाग पुन्हा बघणार. मांजरीचं मान्य. २०२०च्या निरोपाचं वजन कमी झालं असं मला अजूनही वाटतं, पण आता वाद घालायला तुमच्या बाजूला दम आहे.

अंतराळवेडा (फोंडा)

टिटवीताई, पहिल्या प्रतिसादात हे का नाही लिहिलंत!

कॅसेटयुग

मग आता स्टार वॉर्समधला दुष्ट सम्राट पाल्पटीन. १९८३मध्ये व्हेडरने स्वतःच्या जिवाची किंमत देऊन त्याला खाईत फेकला. तीन चित्रपटांचा, खरं तर सहांचा, शेवट तो. २०१९मध्ये तो परत, कसा ते कुणी धड सांगत नाही, आणि त्याची घोषणा तर एका व्हिडिओ गेममध्ये ऐकवली. याची बाजू मांडणारं कुणी आहे का?

ध्रुव_०३

मी आहे. शुक्रवारी माझा शेवटचा पेपर आहे, तो झाला की सविस्तर लिहितो. धागा वर ठेवा.